‘द्या इकडे’ न म्हणणाऱ्या बाई

माझ्या धाकट्या बहिणीचं नेमकं काम काय, हे आमच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. काकूला वाटतं ती कॉम्प्युटर दुरुस्त करते, म्हणून ही भेटायला गेली की काकू बंद पडलेला मिक्सर तिच्यापुढे आणून ठेवते. मामा सगळ्यांना सांगतात, "पोरगी कुठल्याशा कंपनीत आहे, शाळांना टीव्ही विकते." यातलं काहीच खरं नाही. शाळांमध्ये टॅब येतात, भिंतभर डिजिटल फळे येतात, आणि ते वर्गात वापरायचे कसे हे शिक्षकांच्या हातात बसेपर्यंत जी बाई त्यांच्या शेजारी उभी राहते, ती माझी बहीण. मी वाणिज्य शाखेचा माणूस, शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, निवृत्तीला टेकलेला. जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला लिहायची सवय आहे. पण तिच्याविषयी लिहिताना जमेची बाजूच भरत जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ती पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिच्या शाळेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा ते शिकवायला एक तरुण साहेब आले होते. त्यांची बोटं अशी पळायची की बघणाऱ्याच्या डोळ्यांना धाप लागावी. एखाद्या शिक्षकाने भीत भीत माउस धरला की साहेब म्हणायचे, "द्या इकडे," आणि क्षणात काम करून मोकळे. मग विचारायचे, "कळलं?" सगळा स्टाफ माना हलवायचा. माझ्या बहिणीनेही मान हलवली. साहेब गेले, आणि दुसऱ्या दिवशी ते यंत्र सुरू कुठून करायचं हेसुद्धा कुणाला आठवेना. शेवटी त्यांच्यावर शिवून घेतलेली कापडं घातली आणि पाहुणे आले की ती दुरून दाखवायला सुरुवात झाली.

"दादा, त्या माणसाला सगळं येत होतं रे," ती मला म्हणाली होती. "पण त्याचीच बोटं पुन्हा शिकून गेली. आमची होती तिथेच राहिली."

मग तिने एक दिवस ती कापडं काढली. चुकली, बिघडवलं, पुन्हा सुरू केलं, आणि स्वतः शिकता शिकता शेजारच्या वर्गातल्या बाईंना शिकवलं. पुढे शिक्षकांना मदत करणाऱ्या केंद्रात तिची निवड झाली आणि ती या शाळेतून त्या शाळेत जायला लागली. तिचा नियम एकच. शिक्षक यंत्रापुढे उभे असले की हिचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत अडकवलेले. समोरचा कितीही अडखळो, घामाघूम होवो, ही तोंडाने सांगेल, वाट बघेल, पण त्याच्या हातातलं काही घेणार नाही. ‘द्या इकडे’ हे शब्द तिने आपल्या तोंडून कायमचे हद्दपार केले.

हे सगळ्यांना रुचतंच असं नाही. "मदतीला आल्यात की पहाऱ्याला?" असं तिला एका शाळेत कुणीतरी विचारलं होतं म्हणे. हिने हसून उत्तर दिलं, "पहाऱ्यालाच. माझ्या हातांवर."

आमच्या शाळेत डिजिटल फळे आले तेव्हा केंद्राने तिलाच पाठवलं. ती उतरली आमच्याच घरी. पहिल्या सकाळी माझी बायको तिला म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला तेवढं वॉशिंग मशीन शिकवून जा. इतकी वर्षं झाली, अजून म्हणतो बटण सापडत नाही."

"वहिनी, ज्याला शिकायचंय त्यालाच शिकवता येतं," बहीण म्हणाली. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

शाळेच्या फाटकातून आत गेलं की मात्र ती ‘मॅडम’ आणि मी ‘हेडक्लार्क’. तिने आल्या आल्या फळ्यांना हातही लावला नाही. ती एकेका वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसली. आमच्या विज्ञानाच्या बाई जरा फटकळ. त्यांनी दारातच अडवलं. "तपासणी आहे का आमची?"

"नाही हो. तुम्ही शिकवताना उभ्या कशा राहता, ते बघायचंय."

"म्हणजे? पायांवरच राहते."

तिला खरोखर तेच बघायचं होतं. कोण फळ्याच्या कोपऱ्यात लिहितं, कोण बोलता बोलता फळ्याला टेकतं, कोण खडू हातात नसला की बावरतं. ती म्हणते, प्रत्येक शिक्षकाच्या अंगात एक फळा मुरलेला असतो. नवा फळा त्या जुन्याशी कुठे भांडणार, हे आधी कळलं पाहिजे.

आमच्याकडे ते भांडण लगेच दिसलं. हा डिजिटल फळा तळहात लागला की समजतो, आता पुसायचं आहे. बोटाने किंवा पेनाने लिहा, तळव्याने पुसा, अशी त्याची रीत. आणि आमच्या निम्म्या शिक्षकांना लिहिताना तळवा फळ्याला टेकवायची सवय. एका बाजूने लिहायचं, दुसऱ्या बाजूने आपलंच पुसलं जायचं. स्टाफरूममध्ये बोंबाबोंब झाली. "बाई, फळा लिहिलेलं खातो!" बहिणीने हसत हसत त्यांच्याकडून हात उचलून लिहायची सवय करून घेतली, आणि हळूहळू सगळे रुळले. एक सोडून.

ते म्हणजे आमचे कंपास सर. खरं नाव मुलं विसरली होती. फळ्यावर कंपास न वापरता एका झटक्यात वर्तुळ काढायचे, म्हणून कंपास सर. दहावीला भूमिती शिकवायची ती त्यांनीच. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता आपल्या मुलांना शाळेत सोडायला येतात आणि गाडीतूनच विचारतात, "सर आहेत ना अजून दहावीला?"

दहावीच्या वर्गात नवा फळा लावताना जुना काढून टाकला होता, त्यामुळे सरांना दुसरी वाटच नव्हती. पहिल्या तासाला त्यांनी त्रिकोण काढायला घेतला. तिसरी बाजू पुरी होईपर्यंत पहिली गायब. पुन्हा काढला, पुन्हा तेच. मागून एका मुलाचा आवाज आला, "सर, तुमचा हातच डस्टर झालाय!" वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी पेन खाली ठेवलं आणि उरलेला तास पुस्तकातून वाचून दाखवला. भूमिती वाचून दाखवली! पुढचे तासही तसेच गेले.

पालकांची कुरकुर मुख्याध्यापिकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी सरांना माझ्यासमोरच ऑफिसात बोलावलं.

"सर, बाकी सगळे शिकले. तुम्हीच का नाही?"

"मला ते यंत्र मानवत नाही."

"मानवत नाही म्हणून दहावीची मुलं वाऱ्यावर सोडायची? हा आडमुठेपणा झाला. पुढच्या सत्रात भूमिती यंदा रुजू झालेल्या नव्या सरांकडे देते. तुम्ही पाचवी घ्या, तिथे जुना फळा आहे."

सर "बरं" म्हणाले आणि गेले. एवढा मोठा माणूस, पण दारातून जाताना शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा दिसला.

संध्याकाळी घरी मी बहिणीला म्हटलं, "तुझा नियम ठेव बाजूला. उद्या जा, त्यांच्या हातातलं पेन घे आणि दाखव एकदाचं. माणसाची दहावी जातेय."

"दादा, ते आडमुठे नाहीत," ती म्हणाली. "बाकीच्यांचा तळवा चुकून टेकतो. त्यांचा पूर्ण हात टेकलेला असतो, कोपरापर्यंत. त्यांना आधार लागतो. आणि तू बघितलंस का, ते कप दोन्ही हातांनी धरतात."

मी त्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं चहा प्यायलो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही याच्या घरातल्या आहात यावर विश्वास बसत नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने मला प्रयोगशाळा उघडायला लावली आणि सरांना तिथे बोलावलं. सर आले, मला पाहून दारातच थांबले.

"हे कशाला इथे?"

"किल्ली त्यांच्याकडे असते. आणि भाऊ आहे माझा. कुठे बोलला तर वहिनीला सांगेन, मग त्याचं काही खरं नाही," बहीण म्हणाली. सर किंचित हसले. ती पुढे तितक्याच साधेपणाने म्हणाली, "सर, हात कधीपासून थरथरतो?"

सर आत येऊन टेबलावर हात टेकून बसले. मग त्यांनी उजवा हात टेबलावरून उचलून हवेत धरला. वाऱ्यावर पान हलावं तसा तो हलत होता.

"डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही, पण जाणारही नाही. खडूच्या फळ्यावर हात रोवून निभावत होतो. इथे टेकला की पुसतं, नाही टेकला की रेघ नाचते. मुलांना काय सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी न राहवून विचारलं, तळव्याने पुसायची सोय बंद करता येत नाही का? तिने ते आधीच करून पाहिलं होतं. मग पुसलं जात नव्हतं, पण तळवा टेकेल तिथे फराटे उमटत होते.

"मग झालं तर," सर म्हणाले. "पाचवी बरी."

"सर, टेबलावर हात टेकवून कागदावर एक रेघ काढा."

त्यांनी काढली. पट्टी नाही, काही नाही. रेघ सुतासारखी सरळ.

तिने प्रयोगशाळेतला लोखंडी स्टँड ओढला, ज्याच्या चिमट्यात परीक्षानळी धरतात तो. म्हणाली, "या चिमट्यात तुमचा मोबाइल बसवा. कॅमेरा खाली कागदाकडे. तो तारेने फळ्याला जोडला की तुमचा कागद फळाभर दिसेल. तुम्ही बसून काढायचं." आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

बघवत नव्हतं. सरांचा हात थरथरतोय, मोबाइल निसटतोय, स्क्रू फिरता फिरत नाही. मी पुढे झालो तर तिने डोळ्यांनीच मला जागेवर बसवलं. सरांची चिडचिड झाली. "मॅडम, तुम्ही दोन मिनिटांत कराल."

"करीन की. पण उद्या मी नसेन."

त्यांनी बसवला. मग काढला, पुन्हा बसवला. पुढच्या दिवसांत शाळा सुटली की प्रयोगशाळेतून दोघांचे आवाज यायचे, कधी वादाचे, कधी हसण्याचे. एकदा सर तिला रागावून म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही!" ती म्हणाली, "उंट नाही सर, स्टूल आहे. आणि शेळी मोबाइल सोडायला तयार नाही, तिला धरा."

इकडे ती मोठ्या बाईंकडे गेली. सरांच्या हाताबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, "एक तास त्यांच्या वर्गात बसा आणि मग ठरवा."

"एक तास," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या तासावर ठरेल. मग माझ्याकडे रदबदली नको."

त्या तासाला मीही गेलो. हेडक्लार्कचं वर्गात काय काम, असं कुणी विचारलं असतं तर पंखे मोजायला आलोय असं सांगणार होतो. मोठ्या बाई मागच्या बाकावर, शेजारी माझी बहीण, आणि मी दारापाशी. सर टेबलामागे मुलांकडे तोंड करून बसले. समोर स्टँड, चिमट्यात मोबाइल. मुलं माना उंचावून बघत होती.

"त्रिकोणाचं परिवर्तुळ," सर म्हणाले, आणि त्यांनी त्रिकोण काढला.

फळ्यावर तो डोक्यावर उभा राहून उमटला. मोबाइल उलट्या बाजूने बसला होता. शेंडा खाली, पाया वर, अक्षरं उताणी. वर्गात खसखस पिकली. सरांनी मागे वळून पाहिलं आणि घाईघाईत कागदच गोल फिरवला.

आणि तेव्हा ते झालं. कागद फिरवणारा त्यांचा हात कॅमेऱ्याखाली आला, कुठेही न टेकलेला, आणि भिंतभर फळ्यावर तो हात दिसला. माणसाएवढा हात. थरथरणारा. बोटं, शिरा, नखं, सगळं हलत होतं. सरांनी जे लपवण्यासाठी दहावी सोडायची तयारी केली होती, ते सगळ्या वर्गापुढे मोठं करून टांगल्यासारखं झालं.

हसू कुठल्या कुठे गेलं. मोठ्या बाईंनी बहिणीला कोपराने ढोसलं. "जा ना! बघत काय बसलात?" बहीण जागची हलली नाही. खरं सांगतो, त्या घटकेला मला तिचा राग आला. ऊठ ना बाई, दोन पावलांवर टेबल, चिमटा फिरवला की झालं.

सर फळ्याकडे बघत राहिले. स्वतःचाच हात एवढा मोठा त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असेल. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, कागद नाही, मोबाइल फिरवायचा."

"बरोबर," सर म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा होता. "पण फिरवण्याआधी सांग, त्रिकोण उलटा झाला म्हणून कोन बदलले का?"

"नाही सर."

"बाजू?"

"नाही सर!" या वेळी सगळा वर्ग.

"मग परिवर्तुळ बदलेल का?"

"नाही सर!"

"मग हसलात कशाला?" असं म्हणत त्यांनी स्क्रू सैल केला. मोबाइल त्यांच्या हातात आला तसा फळ्यावर सगळा वर्ग, छत, पंखे डुचमळले. त्यांनी तो फिरवला, बसवला, स्क्रू आवळला. वेळ लागला. मग त्यांनी हात मुद्दाम कॅमेऱ्याखाली धरला.

"हा हात थरथरतो. आजार आहे, तुमच्या हसण्याने वाढत नाही आणि माझ्या लपवण्याने कमी होत नाही. आता बघा." त्यांनी मनगट टेबलावर टेकवलं. फळ्यावरचा हात शांत झाला. दोन बाजूंचे लंबदुभाजक काढून त्यांनी केंद्र गाठलं, मग पेन्सिल फिरली आणि वर्तुळ तिन्ही शिरोबिंदूंना शिवून जिथून निघालं तिथेच येऊन मिळालं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्या लगेच थांबवल्या, कारण त्यांना वर्गात काहीतरी दिसलं होतं. "तू, खिडकीजवळची. केंद्र कसं काढलं ते सुटलं ना तुझं? कपाळावर आठी आली तेव्हाच कळलं. थांब, परत करू." मग दुसऱ्या कोपऱ्यातल्या मुलाला हाक. मग पुन्हा रचना, या वेळी सावकाश. जन्मभर सरांनी आकृती काढताना वर्गाकडे पाठ केली होती. आज पहिल्यांदा आकृती आणि चेहरे त्यांना एकाच वेळी दिसत होते, आणि कुठल्या रेघेला कोण हरवतं हे त्यांना कळत होतं. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठायचं नाव घेईनात.

बाहेर व्हरांड्यात मी बहिणीला गाठलं. "तुझं काळीज आहे की दगड? उठली का नाहीस?"

"उठतच होते रे," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणून पाय बाकाच्या दांडीत अडकवून बसले. मी गेले असते तर मुलांना तो हात आणि त्याला सोडवायला आलेली बाई, एवढंच दिसलं असतं. पुढचं काहीच झालं नसतं." मग थांबून म्हणाली, "ते सावरले नसते तर मात्र मला झोप लागली नसती."

मोठ्या बाईंनी सरांना ऑफिसात बोलावलं. या वेळी त्यांनी खुर्ची पुढे केली.

"सर, मला आधी का नाही सांगितलंत? मी आडमुठे म्हटलं तुम्हाला."

"सांगून काय, हात दाखवून अवलक्षण. वाटलं, आजारी म्हणून काढाल. आडमुठा म्हणून निदान ताठ मानेने गेलो असतो."

"हात थरथरतो म्हणून वर्ग काढून घ्यायचा, तर माझे गुडघे बघून शाळाच काढून घ्यायला हवी. जिना चढताना किती वेळा थांबते ते या हेडक्लार्कना विचारा." त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "दहावीची भूमिती सरांकडेच. तसं वेळापत्रक लावा. नवे सर यांच्या तासाला बसून शिकतील."

सर उठले. दाराशी जाऊन पुन्हा वळले. "नव्या सरांना पुढे बसू द्या, त्यांचंही कुठे अडतं ते मला दिसायला हवं. मागच्या बाकावरचे चेहरे मला अजून नीट वाचता येत नाहीत."

वेळापत्रक मी त्याच दुपारी सूचनाफलकावर लावलं. बहीण पुढच्या शाळेत जायला निघाली तेव्हा विज्ञानाच्या बाई तिला फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मॅडम, यांना पण घेऊन जा. एवढ्या शहाण्या बाईचा भाऊ इथे उगाच वाया जातोय." सगळे हसले. मीही हसलो. पण ‘शहाण्या बाईचा भाऊ’ हे ऐकताना छाती जरा पुढे आली होती, ती मी मागे घेतली नाही.